उजव्या बाजूचं वजन

प्रफुल्ल तायडे भुतांना भीत नसे, आणि त्यात त्याचं स्वतःचं कर्तृत्व काही नव्हतं. ते त्याला वडिलांकडून आयतं मिळालं होतं. अकोल्याकडच्या एका गावात बबन मास्तरांनी आयुष्यभर शाळेतल्या पोरांना जितकं शिकवलं, त्याहून जास्त गावातल्या भुतांना शिकवलं. कुणाच्या अंगात आलंय असं कळलं की मास्तर जाऊन समोर बसायचे, चहा मागवायचे आणि अंगात आलेल्याला सतराचा पाढा म्हणायला लावायचे. भूत अडखळलं की म्हणायचे, "बघा, हे तर आपल्याच शाळेतून पळालेलं दिसतंय." अमावास्येला ते मुलांना घेऊन मसणवट्यात भाकरी खायला जात. अशा माणसाचा मुलगा बोटींचा इंजिनियर होऊन मस्कतला आला, तिथल्या बौशर भागात त्यानं बिऱ्हाड केलं, मुलगी झाली, कानाजवळचे केस पिकले, तरी 'भूत' हा शब्द त्याच्या तोंडून कधी चेष्टेतही निघाला नव्हता. तो उच्चारणं म्हणजे बापाच्या पाठीमागे बापाची चहाडी करणं, असं त्याला वाटे. ओमानच्याच किनाऱ्यावरच्या सूर गावातल्या एका जुन्या बोटीला नेमका हाच इंजिनियर मिळावा, हे तिचं नशीब की त्याचं, कोण जाणे.

बोट म्हणजे टग, दुसऱ्या बोटींना ओढून नेणारी. राणी व्हिक्टोरियाच्या काळात इंग्लंडात बांधलेली आणि सुएझमार्गे इकडे आलेली. मधोमध उंच धुरांडं आणि दोन्ही कुशींना पात्यांची दोन भलीमोठी चाकं. वारा पडला की शिडाची गलबतं सूरच्या खाडीबाहेर ताटकळत पडायची. ही जायची, दोर टाकायची आणि एकेकाला आत ओढून आणायची. आगबोट आली तर तिला उथळ पाण्यात शिरता येत नसे, मग तिच्यावरची माणसं, पेट्या, बकऱ्या, गोणी किनाऱ्याला लावायचं कामही हिचंच. दोन चाकांना दोन वेगळी इंजिनं होती, त्यामुळे एक पुढे आणि एक मागे फिरवलं की ती जागच्या जागी गिरकी घ्यायची. एवढ्या गुणी बोटीला खोड मात्र एक होती. ती जराशी जरी एका बाजूला कलली, तरी त्या बाजूचं चाक खोल बुडायचं, दुसरं हवेत पाणी उडवत बसायचं आणि बोट भलतीकडेच वळायला लागायची.

त्यावर त्या काळच्या लोकांनी तोड काढली होती. डेकवर लोखंडी चाकांची एक बुटकी गाडी आणि तिच्यात जड साखळ्यांचा ढीग. माणसं उजवीकडे गोळा झाली की खलाशांनी गाडी डावीकडे ढकलायची, माणसं डावीकडे आली की उजवीकडे. दोन गडी दिवसभर याच कामाला जुंपलेले असत. माणसं काय, किनारा दिसला की धावतात, मासा उडाला की धावतात. गाडीवाल्यांनी मात्र कधी काही बघायला धावायचं नाही, फक्त गाडी ढकलायची, असा दंडक होता.

पुढे इंजिनं थकली, बोट खाडीच्या चिखलात रुतली आणि सूरच्या कित्येक पिढ्यांनी तिला तशीच पडलेली पाहिली. शेजारी गलबतं बांधणारे सुतार ठोकठोक करत राहिले, पण हिच्यावर कुणी जाळंसुद्धा वाळत घातलं नाही. अर्बाब, म्हणजे शेठ, खलफान यांनी ती विकत घेतली तेव्हा बाजारात लोकांनी त्यांना वेड्यात काढलं. अर्बाबांचे मासळीचे कारखाने होते, उमर साठीची होती आणि हिंदी मुंबईत शिकलेली होती. प्रफुल्लला त्यांनी पहिल्याच भेटीत सांगितलं, "इंजिनियर साब, मेरे को शो के लिए खडा करने का नहीं है. चलाने का है."

दोन वर्षं काम चाललं. गंजलेले पत्रे बदलले, डिझेलवर चालणारा नवा बॉयलर बसवला, चाकांची पाती नवी केली. साखळगाडी चिखलातून जशीच्या तशी निघाली, तिला फक्त वंगण लागलं. प्रफुल्ल दर आठवड्याला मोटारीनं बौशरहून सूरला यायचा आणि बोट उभी राहताना पाहून मनातून सुखावायचा. राष्ट्रीय दिनाच्या आठवड्यात पहिली फेरी काढायची आणि त्या फेरीत शाळकरी मुलांना बसवायचं, असं अर्बाबांनी जाहीर केलं. प्रफुल्लची रश्मी चौथीत होती. तिनं घरी नाचायलाच सुरुवात केली. "बाबा, मी पण जाणार ना तुझ्या बोटवर? प्रॉमिस?" प्रफुल्लनं प्रॉमिस करून टाकलं.

मग बोट पाण्यात उतरवली, आणि ती उजवीकडे कलली.

डेक रिकामं होतं, गाडी बरोबर मधे होती, तरी कलली. प्रफुल्लनं तळ उघडून पाहिला, पाणी शिरलं नव्हतं. इंधनाच्या टाक्या तपासल्या, दोन्हीकडे सारख्या भरलेल्या होत्या. दोन्ही चाकं, दोन्ही इंजिनं, सगळ्यांची वजनं पुन्हा ताडून पाहिली. कागदावर बोट सरळ उभी राहत होती आणि पाण्यात उजवीकडे झुकत होती. गाडी डाव्या कठड्यापर्यंत ढकलली की मात्र अगदी सरळ. म्हणजे गाडीत जेवढ्या साखळ्या होत्या तेवढं काहीतरी उजव्या बाजूला होतं, आणि उजव्या बाजूला तर उन्हात तापलेल्या फळ्यांशिवाय काही नव्हतं. प्रफुल्लनं आकडेमोड केली. ते वजन साधारण पंचवीस-तीस माणसांचं भरत होतं. पोत्यांचं किंवा लोखंडाचंही तेवढं भरलं असतं, पण त्याच्या डोक्यात माणसंच का आली हे त्याला कळलं नाही, आणि त्यानं तो कागद चुरगाळून खिशात टाकला.

दुसरी गोष्ट त्याच्या उशिरा लक्षात आली. भर दुपारी जेवणाच्या सुट्टीनंतर कामगार पुढच्या भागाकडे निघाले होते. डाव्या बाजूनं जाणारे सरळ चालत गेले. उजव्या बाजूनं जाणारे मात्र खांदा तिरका करून, हात छातीशी धरून, अंग चोरत जात होते. बाजारातल्या गर्दीतून माणूस वाट काढतो ना, अगदी तसे. कुणी कुणाला तसं शिकवलं नव्हतं आणि आपण तसं चालतोय हे कुणाच्या गावीही नव्हतं. एक वेल्डर तर जाता जाता हळूच "सॉरी" म्हणाला. प्रफुल्लला हसू आलं. तो स्वतः तिकडून निघाला, ताठ चालायचं ठरवून. पलीकडे पोचल्यावर त्यानं पाहिलं तर त्याचा हात छातीशी होता आणि शर्टाची उजवी बाही दंडापर्यंत ओली झाली होती.

घाम असणार, असं त्यानं ठरवलं. दुसऱ्या बाहीला घाम का नाही, या प्रश्नाकडे त्यानं कानाडोळा केला.

बोट चालवायला गुलजार तांडेल होता. मूळचा रत्नागिरीकडचा, पण अर्धं आयुष्य सूरच्या मासेमारी बोटींवर गेलेलं. चाचणीच्या फेऱ्या खाडीच्या मधल्या पाण्यात तोच काढायचा. एका फेरीनंतर तो प्रफुल्लला बाजूला घेऊन गेला.

"साहेब, एक बोलू? ती मानसा हायत."

"कुठली माणसं?"

"उजवीकडं उबी हायत ती."

"मग पगाराच्या दिवशी रांगेत कशी दिसत नाहीत?"

गुलजार हसला नाही. "सामान असता तर गप बसला असता, साहेब. हा वजन जरा जरा हलता. उबी मानसा ताटकळली का पाय बदलतात ना, तसा. मी बोटीवर जलम काडला. पायाला समजता."

"तांडेल, तुमचं वय झालंय. पाय दाखवा डॉक्टरला," प्रफुल्ल म्हणाला. पण त्यालाही समजत होतं. डेकवर स्वस्थ उभं राहिलं की तळव्यांना ती बारीक हालचाल लागायची. एका पायावरून दुसऱ्या पायावर. त्या दिवसापासून तो डेकवर कधी स्वस्थ उभा राहिला नाही.

अर्बाबांनी बोटीची जुनी हकीकत सांगितली ती एका सकाळी, डेकवर बसून, कहवा पीत, खजूर खात. बसायला त्यांनी जागा निवडली ती डावीकडची. फार वर्षांपूर्वी हंगाम संपल्यावर सूरची माणसं आगबोटीनं परत येत होती, लांबच्या बंदरांत महिनोन्‌महिने काढलेली. त्यांना उतरवून घ्यायला हीच टग गेली होती. खाडीच्या तोंडाशी पलीकडच्या काठावर दगडी पायऱ्या आहेत, तिथं बायका ढोल घेऊन उभ्या होत्या. पायऱ्या उजव्या हाताला आल्या, ढोल ऐकू आले आणि सगळे पुरुष उजव्या कठड्याकडे धावले. गाडीवर जे दोघं होते, त्यांनी गाडी डावीकडे ढकलायची. पण तेही सूरचेच होते. त्यांच्याही बायका पायऱ्यांवर होत्या. गाडी सोडून तेही धावले.

"नाव ऐसा हुआ," अर्बाबांनी तळहात तिरका करून दाखवला. "सब पानी में. कपडे भारी, लहर ऊंची. फिर नाव सीधी हो गई. खाली." पायऱ्या किती जवळ होत्या हे त्यांनी दाखवलं, ते अंतर या कठड्यापासून त्या कठड्यापर्यंत होतं. "मेरी दादी के बाप उसमें थे."

"आणि तरी तुम्ही ही बोट घेतली?" प्रफुल्लनं हिंदीत विचारलं.

"इसी लिए लिया. उस के बाद ये नाव उन सीढियों को कभी लगी नहीं. मैं लगाऊंगा, इन्शाल्ला. पहला ही दिन."

प्रफुल्लनं मान डोलावली आणि खजुराची बी हातातल्या हातात फिरवत राहिला. उजव्या बाजूच्या वजनाबद्दल तो अर्बाबांशी चकार शब्द बोलला नाही. बोलला असता तर पुढचं सगळं टळलं असतं. पण काय बोलणार? वजन आहे म्हणायचं आणि कशाचं ते सांगायचं नाही, हे इंजिनियरला शोभत नाही. आणि कशाचं ते सांगायचं, तर समोर बबन मास्तर चहाचा कप घेऊन बसलेले दिसत होते.

त्यानं मग त्याच्यासारखा माणूसच करेल अशी चूक केली. बोट इतकी वर्षं चिखलात एका कुशीवर पडून होती, तिचा सांगाडा कायमचा पिळला गेला आहे, असं त्यानं स्वतःला पटवलं. कायमच्या दोषाला कायमचा उपाय. त्यानं साखळगाडी डाव्या कठड्यापर्यंत ढकलायला लावली आणि तिची चारही चाकं डेकला वेल्ड करून टाकली. वर कारणही बिनतोड होतं: पोरं चढणार आहेत, भरलेली गाडी सुटी ठेवायची का? हलणाऱ्या वजनासमोर न हलणारं वजन कधी ठेवू नये, हे पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही ठाऊक असतं. प्रफुल्ललाही ठाऊक होतं. पण गाडी मोकळी ठेवणं म्हणजे समोरचं वजन हलू शकतं हे कबूल करणं होतं. तपासणीला आलेल्या माणसानं पातळी लावून पाहिली, बुडबुडा मधोमध उभा राहिला. "खलास," तो म्हणाला, म्हणजे काम झालं, आणि खुशीत निघून गेला. प्रफुल्लला इतकं हलकं वाटलं की परतीच्या वाटेवर त्यानं रश्मीला उन्हाची टोपी घेतली, पिवळी.

गुलजारनं वेल्ड केलेली चाकं पाहिली, त्यांच्यावरून बोट फिरवलं आणि विचारलं, "आनि ती उतरली तर, साहेब?"

"कोण?"

गुलजार सुकाणूकडे निघून गेला.

पहिल्या फेरीच्या सकाळी वारा नव्हता आणि खाडी आरशासारखी पडली होती. मुलं चढली, दोन शिक्षिका चढल्या, अर्बाब पुढे नाळेवर उभे राहिले. प्रफुल्लची बायको श्वेता किनाऱ्यावरच्या यार्डातच थांबली, तिला बोट लागते. धुरांड्यातून धूर निघाला, खाली इंजिनांनी श्वास घ्यावा तसा आवाज केला आणि दोन्ही चाकं एकाच वेळी पाण्याला भिडली. चाचणीच्या फेऱ्या सोडल्या, तर पात्यांचा तो थपथप आवाज त्या खाडीनं शंभरावर वर्षांत ऐकला नव्हता. मुलांनी एकच कल्ला केला. प्रफुल्लचा ऊर भरून आला. इतक्या मेहनतीचं हे असं चीज झालेलं पाहायला मिळणं त्याला फार मोठं वाटलं.

मग त्यानं पाहिलं, की सगळी मुलं डावीकडे आहेत.

शहर उजवीकडे होतं, बुरूज उजवीकडे होते, होड्यांतून हात हलवणारी माणसं उजवीकडे होती. पण उजवा कठडा या टोकापासून त्या टोकापर्यंत मोकळा होता आणि मुलं डाव्या कठड्याला दाटीवाटीनं चिकटून, पायाच्या चवड्यांवर उभी राहून पलीकडचं बघायला धडपडत होती.

"रश्मी, तिकडे जा ना. तिथून छान दिसेल."

"नो बाबा. तिथे जागा नाही आहे," रश्मी म्हणाली आणि पुन्हा मान उंच करून बघू लागली.

प्रफुल्लनं मोकळ्या उजव्या कठड्याकडे पाहिलं. पण तोवर बोट खाडीच्या तोंडाशी आली होती. गुलजारनं जागच्या जागी गिरकी घेऊन बोटीचं तोंड आतल्या बाजूला केलं आणि चाकं मंद केली. उजव्या हाताला दगडी पायऱ्या दिसल्या आणि पायऱ्यांवर बायका. अर्बाबांनीच त्यांना बोलावलं होतं. रंगीत ओढण्या, गळ्यात ढोल, आणि मधे एक फार म्हातारी बाई, सगळ्यांना ताल देणारी. बोट जवळ येताच ढोल सुरू झाले. बायका गाऊ लागल्या.

पायाखालची ती बारीक हालचाल थांबली. डेकवर इतके महिने एका पायावरून दुसऱ्या पायावर होणारं जे काही होतं, ते एकदम निश्चल झालं. बोट पायऱ्यांपासून हातभर अंतरावर येऊन उभी राहिली.

सगळ्यात खालची पायरी ओलीच असते, तिला पाणी लागतं. तिच्या वरची पायरी कोरडी होती. ती प्रफुल्लच्या डोळ्यांदेखत ओली झाली. मग तिच्या वरची. मग त्याही वरची, आणि ओल पायऱ्यांवरून वर वर चढत गेली, लख्ख उन्हात. ढोल एकेक करून थांबले. आणि प्रत्येक ओल्या पायरीबरोबर प्रफुल्लच्या तळव्यांना एक हिसका बसत होता, उजवी बाजू जराशी वर उचलली जात होती. एस्टीतून माणसं उतरताना गाडी हलकी होते, ते आत बसलेल्याला जसं कळतं, तसं त्याला कळत होतं. एक उतरला. आणखी एक. आणखी एक.

ते घरी पोचले होते. क्षणभर प्रफुल्लला त्याचा आनंदच झाला, खरोखरीचा आनंद. दुसऱ्याच क्षणी त्याची नजर डावीकडे वळली. तिथं साखळ्यांची गाडी होती, चारही चाकं डेकला वेल्ड केलेली, आणि तिच्या आजूबाजूला सगळी मुलं.

"इकडे या!" तो ओरडला. "सगळे इकडे, उजवीकडे! पळा!"

उशीर झाला होता. डेक डावीकडे झुकू लागलं आणि मुलं घसरून कठड्यावर एकमेकांवर आदळली. डावीकडचं चाक खोल गेलं, उजवीकडचं पाण्यातून बाहेर आलं आणि त्याची पाती नुसती ठिबकत लोंबू लागली. एक शिक्षिका चढावर चढायला गेली आणि पालथी पडली. प्रफुल्लनं उजवा कठडा धरून आपलं सगळं वजन मागे टाकलं. एका माणसाच्या वजनानं काय होणार? गुलजार सुकाणू सोडून गाडीकडे धावला, तिला खांदा लावला, लाथा घातल्या. वेल्ड पक्कं होतं. स्वतः प्रफुल्लनं उभं राहून करून घेतलं होतं.

डाव्या कठड्यावरून पाणी आत आलं. रश्मीची पिवळी टोपी पाण्यावर तरंगत लांब गेली. रश्मी कठड्याला लोंबकळत होती, कमरेपर्यंत पाण्यात, आणि बापाकडे बघत होती. ती ओरडतही नव्हती. आपले बाबा इंजिनियर आहेत, ते काहीतरी करतील, असा तिचा चेहरा होता.

प्रफुल्लनं पायऱ्यांकडे तोंड केलं. तिथं कुणी नव्हतं, फक्त दगडावरची ओल अगदी वरच्या पायरीपर्यंत गेलेली. त्याचे ओठ हलेनात. मग आयुष्यभर तोंडात धरून ठेवलेलं सुटावं तसा तो ओरडला.

"परत या! अहो, परत या! पोरं बुडतायत!"

काहीच झालं नाही. यांना मराठी कशी कळेल, हे त्याच्या मग ध्यानात आलं आणि यार्डात उचललेली मोडकीतोडकी अरबी त्यानं घसा फोडून ओरडली, "तआलू! तआलू! अतफाल!" या, या, मुलं आहेत.

वरच्या पायरीशी ओल थांबली. नंतर बोटीला एक दणका बसला, उजव्या बाजूला. मग दुसरा. मग एकामागून एक इतके, की ते वेगळे मोजता येईनात. उतरताना ते एकेक करून उतरले होते. येताना धावत आले. उजवं चाक धाडकन पाण्यात बसलं, डावा कठडा पाणी ओकत वर आला, मुलं डेकवर सांडली आणि रडायला लागली. सगळी होती. प्रफुल्लनं रश्मीला उचलून घेतलं.

"बाबा," ती दात वाजवत म्हणाली, "तू कोणाला बोलवत होता?"

"माणसांना," प्रफुल्ल म्हणाला.

मुलं यार्डात उतरली, आयाबापांनी कवटाळली, आरडाओरडा झाला आणि विरला. मागे बोटीवर अर्बाब राहिले. ते नाळेवरून चालत आले आणि गाडीवर, साखळ्यांवरच बसले.

"उतरे थे?" त्यांनी विचारलं.

"हां."

"मैंने देखा. सीढी गीली हुई. फिर?"

"मैंने वापस बुलाया."

डोक्याच्या फडक्याचं टोक अर्बाबांनी डोळ्यांवर धरलं आणि लहान मुलासारखे रडले. प्रफुल्लला त्यांच्याजवळ बसायचं धाडस झालं नाही. त्यांनी शिव्या घातल्या असत्या, कामावरून काढलं असतं, तर त्याला बरं वाटलं असतं.

गाडीचं वेल्ड त्याच संध्याकाळी कापलं. पुढच्या आठवड्यात बोट पुन्हा निघाली, मुलांशिवाय. गुलजार सुकाणूवर, दोन धडधाकट खलाशी गाडीवर, आणि प्रफुल्ल उजव्या बाजूला, अंग चोरून उभा. या वेळी सगळं नीट होतं. माणसं उतरतील तसतशी गाडी मधे सरकवत आणायची, असं त्यानं खलाशांना चारचारदा बजावलं होतं. बायका पुन्हा पायऱ्यांवर आल्या होत्या. पुन्हा ढोल वाजले. बोट पायऱ्यांना लागली, थांबली.

दुसरी पायरी कोरडीच राहिली.

ते थांबले. ढोल वाजवून वाजवून बायकांचे हात दमले. ऊन चढलं, कललं. प्रफुल्ल रिकाम्या कठड्याकडे वळला आणि हात जोडून बोलला, आधी मराठीत, मग येईल तशा अरबीत. उतरा म्हणाला. आज पोरं नाहीत, बोट बुडत नाही, गाडी मोकळी आहे, यल्ला, चला, घरी जा. पायाखाली वजन एका पायावरून दुसऱ्या पायावर झालं. कुणी उतरलं नाही.

"नाय उतरायची, साहेब," गुलजार हळूच म्हणाला. "परत पोरा चढली तर? म्हनून ती मानसा थांबून ऱ्हाणार."

बायका निघून गेल्या. ताल देणारी ती म्हातारी तेवढी खालच्या पायरीवर बसून राहिली. अर्बाबांची ती आत्या, रहिमा. तिनं प्रफुल्लला जवळ बोलावलं. तो बोटीवरून पायरीवर उतरला. ती बोलत होती आणि अर्बाब मागे उभे राहून हिंदीत सांगत होते.

"त्या दिवशी पायऱ्या ओल्या झालेल्या आम्ही सगळ्यांनी पाहिल्या," ती म्हणाली. "मी लगेच घरी गेले. मोठ्या पातेल्यात भात टाकला. दार उघडं ठेवून बसले."

मग तिनं प्रफुल्लकडे बोट केलं.

"परत बोलावलं ते तू?"

"हो."

"का रे?"

"माझी मुलगी बुडत होती," प्रफुल्ल म्हणाला.

म्हातारीनं मान हलवली. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. तिनं पायरीच्या कोरड्या दगडावर हात ठेवला.

"मुली त्यांनाही होत्या," ती म्हणाली. "माझी आई तेव्हा एवढीशी होती. इथंच उभी होती."